मृगाच्या आधी पेटवणाची बेगमी



आमचा आवाज तुमच्यापर्यंत येतोय, तेव्हा तुमच्या हातात काही ना काही काम असणारच. कुणी धान्य निवडत असेल, कुणी गोठ्यात असेल, कुणी चुलीपुढं बसली असेल. आज त्या चुलीबद्दलच बोलायचं आहे. चुलीवर काय शिजवायचं ते तुम्हाला आम्ही काय सांगणार? आम्ही बोलणार आहोत त्याच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल, म्हणजे चूल पेटवण्याबद्दल.

आम्ही कराडजवळच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. गटात बाराजणी आहोत. दर आठवड्याला बैठक, बचत, कर्जाचे हप्ते, सगळं तुमच्यासारखंच. वही लिहिणारी आणि बैठक बोलावणारीही आमच्यातलीच एक. मागच्या जुलैत आमच्या गटात एक गोष्ट घडली. त्यातून जे शिकलो ते तुम्हाला सांगावं म्हणून आज आलो आहोत.

पाऊस आठ दिवस उघडला नव्हता. कृष्णा-कोयनेला पाणी चढलेलं, प्रीतिसंगमावर बघायला माणसं जमत होती. आमच्या गटातल्या एक मावशी पहाटे पाचला उठल्या. मुलाला सहाच्या पाळीला कामावर जायचं होतं. गॅसची टाकी आदल्या रात्री संपलेली. वळचणीखालची लाकडं भिजून गार झालेली. कागद लावून बघितला, तो भुरकन जळून गेला. फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नुसता धूर. मग त्यांनी कोपऱ्यातली इंजिनाच्या डिझेलची बाटली उचलली आणि त्या धुमसत्या लाकडावर ओतली. आत कुठंतरी एक ठिणगी जिवंत होती. जाळ बाटलीपर्यंत आला. त्यांनी बाटली फेकली म्हणून चेहरा वाचला, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

पुढचा दीड महिना मावशी खुरपणीला जाऊ शकल्या नाहीत. हजेरी बुडली, औषधपाणी झालं, गटाचा हप्ता थकला. त्या बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "माझीच चूक झाली बायांनो." कुणीच काही बोललं नाही. कारण आम्ही सगळ्याच ते करत होतो.

त्या दिवशी आम्ही वही बाजूला ठेवली आणि एकेकीला विचारलं, खरं सांग, तू चूल कशानं पेटवतेस? उत्तरं ऐका. दुधाच्या रिकाम्या पिशव्या. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. डिझेल. घरात कुठं जुनं उरलं असेल तर रॉकेल. पोरांच्या मागच्या वर्षीच्या वह्या. एकजण तर म्हणाली, "तुटलेली प्लॅस्टिकची चप्पल लई झकास पेटते." आम्ही हसलो, आणि मग हसू थांबलं. त्याच चुलीवर आपण भाकरी भाजतो, आणि तिथंच शेजारी धाकटं पोर बसलेलं असतं.

प्लॅस्टिक आणि रबर जळताना जो काळा धूर निघतो तो लाकडाच्या धुरासारखा नसतो. त्यात विषारी वायू असतात, डोळे आणि घसा जळजळतो तो त्यांच्यामुळं. काही प्रकारच्या प्लॅस्टिकमधून डायऑक्सिन नावाचं विष निघतं, ते शरीरात साठून राहतं. आधीच लाकडाचा आणि शेणीचा धूर काही थोडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणं 2020 साली घरातल्या धुरामुळं जगात सुमारे 32 लाख माणसं दगावली. त्यात आपल्यासारख्या चुलीपुढच्या बाया आणि लहान लेकरं फार.

इथं कुणी म्हणेल, मग गॅस वापरा की. बरोबर आहे. उज्ज्वला योजना 2016 साली आली, गावात पुष्कळ घरी गॅस आला, आमच्याही घरी आहे. ज्यांना टाकी परवडते त्यांनी गॅसच वापरावा, आम्ही चुलीचं कौतुक करायला आलेलो नाही. पण आंघोळीचं पाणी अजून बंबात नाहीतर बाहेरच्या चुलीवरच तापतं. जनावरांचं खाद्य चुलीवर शिजतं. लग्नकार्य, जत्रा, सुगीतल्या मजुरांच्या भाकरी चुलीवरच होतात. टाकी महिना पुरवायची म्हणून निम्मा स्वयंपाकही चुलीवर. तेव्हा चूल आहे तोवर ती नीट पेटवता यायला पाहिजे.

मग आमची गाडी जुन्या दिवसांकडं वळली. गटातल्या सगळ्यात थोरल्या आजींना विचारलं, तुमच्या वेळी काड्यापेटीसुद्धा जपून वापरायचे, मग पावसाळ्यात कसं भागायचं? त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही विस्तव विझूच देत नव्हतो." रात्री शेणीचा मोठा तुकडा निखाऱ्यात खोचून वर राख ओढायची. सकाळी राख बाजूला केली की आत लालभडक विस्तव. आपल्या घरचा विझला तर शेजारणीकडं जायचं आणि फुटक्या खापरीत दोन निखारे मागून आणायचे. आणि मृग लागायच्या आत पेटवणाची बेगमी करून ठेवायची. तुरीच्या काटक्या, वाळलेली चिपाडं, नारळाच्या शेंड्या, सगळं माळ्यावर, चुलीच्या वरच्या अंगाला. चुलीच्या उबेनं ते कोरडं राहायचं.

आजींच्या बोलण्यातला एक शब्द आम्हाला लागला. बेगमी. आपण उन्हाळ्यात पापड करतो, कुरडया करतो, सांडगे घालतो, वर्षाची चटणी कुटतो. मग पेटवणच का पावसाच्या भरवशावर सोडतो? कारण चूल पेटवणं हे काम आहे असं कुणी धरतच नाही. भाकरी थापणं काम, धुणं काम. चूल मात्र आपली आपण पेटते असं घरातल्यांना वाटतं. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही तसंच वाटतं. म्हणून आपण त्याच्यासाठी चार पैसे घालत नाही आणि वेळही काढत नाही. मग ते पैसे आणि तो वेळ मावशींच्या हातातून वसूल होतो.

आता मेणाकडं येऊ. आमच्यातल्या एकीचं माहेर पाटणच्या डोंगरातलं. तिचा भाऊ मधपेट्या ठेवतो. आपल्या सातारा जिल्ह्याला मध काही नवा नाही. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला 2022 साली मे महिन्यात 'मधाचं गाव' म्हणून मान मिळाला. मध सगळ्यांना माहीत असतो. पण पोळ्यातलं मेण कुठं जातं हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

हे मेण आपल्या ओळखीचं आहे. आजीचा करंडा आठवा. त्यात एका कप्प्यात कुंकू आणि छोट्या डबीत मेण. बोटानं कपाळावर मेणाचा ठिपका लावायचा आणि त्यावर कोरडं कुंकू. दिवसभर घामानं हलायचं नाही. तेच हे मधमाशीचं मेण. टिकल्या आल्या आणि मेणाची डबी गेली. तेच मेण पुन्हा घरात आणलं, या वेळी करंड्याऐवजी चुलीपाशी.

मेण माशी बाहेरून गोळा करून आणत नाही. ते तिच्या अंगातून येतं. पोळ्यातल्या तरुण कामकरी माश्यांच्या पोटाखाली ग्रंथी असतात, तिथून मेणाचे बारीक पापुद्रे निघतात. ते चघळून माशी सहा कोनांची घरं बांधते. किलोभर मेण तयार करायला माश्यांना त्याच्या कितीतरी पट मध खावा लागतो. म्हणून आमचा पहिला नियम असा की, पेटवणासाठी पोळं मोडायचं नाही. झाडावरचं आग्या पोळं धूर करून, जाळ लावून पाडणारे आपल्याकडं आहेत. तसलं मेण घेऊ नका. माश्या मरतात, पाडणाऱ्याच्या जिवालाही धोका, आणि माश्या गेल्या की आपल्याच भाज्यांना, सूर्यफुलाला, फळांना फळधारणा कमी होते. पेट्या ठेवणाऱ्यांकडं जुनी काळी पडलेली पोळी आणि मध काढताना निघालेलं मेण शिल्लक राहतं. ते मागा.

आता करायचं कसं ते सांगतो. वही-पेन्सिल असेल तर घ्या. नसेल तर नुसतं ऐका, अवघड काही नाही.

पहिलं काम मेण गाळायचं. जुनी पोळी फडक्यात बांधा. फडकं सुतीच हवं. ते गाठोडं पाण्यात बुडेल असं पातेल्यात ठेवा, वर स्वच्छ दगड ठेवा आणि मंद आचेवर पाणी गरम करा. मेण वितळून पाण्यावर येतं, घाण फडक्यात राहते. पातेलं खाली उतरवून झाकून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी वर पिवळ्या मेणाची वडी तयार असते. खालच्या बाजूला चिकटलेला गाळ सुरीनं खरवडून टाका. पातेलं स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं घ्या, लोखंडाच्या आणि तांब्या-पितळेच्या भांड्यात मेण काळपट होतं. आणि त्या पातेल्यात पुन्हा स्वयंपाक करायचा नाही, ते या कामालाच ठेवा.

दुसरं काम मेण वितळवायचं. इथं आमची पहिली चूक झाली. आम्ही मेणाचं पातेलं सरळ चुलीवर ठेवलं. थोड्या वेळानं त्यातून धूर निघायला लागला. नशीब म्हणून पेटलं नाही. मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, म्हणजे पाणी उकळायच्या कितीतरी आधी. ते जास्त तापलं की त्याची वाफ पेट घेते. म्हणून मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं छोटं पातेलं. पाणी उकळलं तरी 100 अंशांच्या वर जात नाही, त्यामुळं मेणही त्याच्यावर जात नाही. आपण लोणी कढवताना जसं तिथून हलत नाही, तसंच इथंही हलायचं नाही.

तिसरं, भरायचं काय? आपल्या भागात त्याला तोटा नाही. गुऱ्हाळावरची वाळलेली चिपाडं कुटून, लाकडाच्या वखारीवरचा भुसा, नारळाच्या शेंड्या, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा चुरा. प्लायवूडचा भुसा नको, त्यात चिकटवायचा डिंक असतो, त्याचा धूर वाईट. आणि जे भराल ते कडक वाळलेलं पाहिजे. आमची दुसरी चूक हीच. गुऱ्हाळावरून आणलेली चिपाडं वरून वाळलेली दिसली, आत दमट होती. त्यात मेण मुरलं नाही, पेटवल्यावर तडतड करून विझलं. गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालणारा माणूस आधी चिपाडं उन्हात पसरतो ती काय उगीच? मुठीत दाबल्यावर कडकन मोडलं पाहिजे, तेव्हा ते वाळलं.

आता दोन प्रकार आहेत. एक घरच्यासाठी, एक विकायसाठी.

घरच्या प्रकाराला आम्ही काकडाच म्हणतो. देवळात काकड आरतीला जो पेटवतात, त्याचंच हे धाकटं भावंड. जुन्या सुती लुगड्याची चार बोटं रुंद आणि वीतभर लांब पट्टी फाडायची. त्यात नारळाच्या शेंडीचा बोटाएवढा पुंजका ठेवून घट्ट गुंडाळायचं आणि सुती दोऱ्यानं बांधायचं. मग एक टोक कोरडं ठेवून बाकीचा भाग चिमट्यानं मेणात बुडवायचा. दहा आकडे मोजा, बाहेर काढा, निथळू द्या आणि ताटात ठेवा. गार झालं की झालं. कोरडं टोक ठेवायचं ते काडी लगेच धरायला. आम्ही आधी अख्खा काकडा मेणात बुडवला होता, वरून मेणाचा थर एवढा जाड झाला की तीन काड्या गेल्या तरी पेटेना. मेण एकटं पेटत नाही. त्याला वातीसारखं काहीतरी लागतं. धागा मेण वर ओढून घेतो, त्याची वाफ होते आणि ती जळते. मेणबत्तीला वात असते ती त्यासाठीच.

कापड सुती आहे की नाही ते कसं ओळखायचं? एक धागा ओढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटानं चुरली तर भुरभुरीत राख होते. नायलॉन, पॉलिस्टर असेल तर आकसतं आणि टोकाला कडक काळी गाठ होते. गाठ झाली तर ते कापड बाजूला ठेवा.

विकायच्या प्रकारासाठी पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे. पोल्ट्रीवाल्यांकडं मिळतात. पुठ्ठ्याचेच घ्यायचे, प्लॅस्टिकचे नाहीत. खळग्यात भुसा आणि चिपाडाचा चुरा भरायचा, हलक्या हातानं दाबायचा, पळीनं वरून मेण घालायचं. पुठ्ठ्याची कड कोरडी राहू द्यायची. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी कात्रीनं एकेक खळगा कापायचा. दिसायला एखाद्या वडीसारखं होतं. काकडा चार-पाच मिनिटं जळतो, ही वडी दहा मिनिटांच्या वर.

आता जिवाचं सांगतो, हे मात्र नीट ऐका. मेण वितळवताना लेकरं आणि मांजर लांब. नायलॉनची साडी नको, पदर खोचलेला पाहिजे. मेणात रॉकेल किंवा डिझेल मिसळून बघू का, असं आम्हालाही एकीनं विचारलं होतं. अजिबात नाही. गरम मेणात ते घातलं तर पातेल्याचा भडका उडेल. मेणानं कधी पेट घेतलाच तर त्यावर पाणी ओतू नका. पाणी खाली जाऊन उकळतं आणि जळतं मेण चारी बाजूंना उडवतं. वर ताट झाकायचं, खालचा जाळ बंद करायचा आणि गार होईपर्यंत ताट उचलायचं नाही. सोबत कोरडी माती भरलेलं घमेलं ठेवायचं.

आणि अंगावर गरम मेण पडलं तर? ओढून काढायचं नाही, कातडी निघून येते. वीस मिनिटं साध्या गार पाण्याखाली धरायचं. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको, शाई नको. हातातल्या बांगड्या, अंगठी सुजायच्या आधी काढायची. भाजलेलं मोठं असेल तर 108 ला फोन करायचा. मावशींच्या हातावर त्या दिवशी घरच्यांनी टूथपेस्ट फासली होती. दवाखान्यात ती काढताना त्यांना जे सोसावं लागलं, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत.

काकडा वापरायची पण रीत आहे. आदल्या दिवशीची राख काढून घ्या, खालून वारा यायला जागा पाहिजे. काकडा मधे ठेवा, त्याच्याभोवती बोटापेक्षा बारीक काटक्या एकमेकींवर आडव्या-तिडव्या, मधे फटी ठेवून रचा. कोरडं टोक पेटवा. लगेच फुंकणी घेऊ नका, जाळ काटक्यांवर चढू द्या. काटक्या धरल्या की मग जाड लाकूड. ओल्या लाकडातलं पाणी आधी उडून जावं लागतं, मग ते पेटतं. काडीचा जाळ काही सेकंदांचा, कागदाचा मिनिटभराचा. तेवढ्यात ते पाणी उडत नाही, म्हणून धूर होतो. काकडा चार-पाच मिनिटं जाळ धरून ठेवतो, तेवढ्यात काटक्या वाळून पेटतात. जाड लाकूड अगदीच ओलं असेल तर काकडाही जादू करणार नाही. उद्याचं लाकूड आज चुलीशेजारी सुकायला ठेवायची सवय ठेवाच. मात्र जाळाला लागून ठेवू नका.

आता हिशोब. गटात हिशोबाशिवाय काही होत नाही आणि आम्हाला तुम्हाला खोटं सांगायचं नाही.

आम्हाला गाळलेलं मेण किलोला पाचशे रुपये पडलं. ट्रेच्या एका वडीला साधारण पंधरा ग्रॅम मेण लागतं, म्हणजे साडेसात रुपयांचं. रोज साडेसात रुपये चुलीत घालायला आपल्यातली कोण तयार होईल? कुणीच नाही. आमची पहिली बैठक इथंच मोडली होती. दुधाची पिशवी फुकट असते ना! मग आम्ही काकड्याकडं वळलो. काकड्याला चार ग्रॅम मेण पुरतं. किलोभर मेणात अडीचशे काकडे, म्हणजे एकाला दोन रुपये. उन्हाळ्यात काकड्याची गरजच नाही, वाळलेलं पाचट मूठभर पुरतं. लागतात ते पावसाळ्याचे चार महिने, एकशे वीस दिवस. दोनशे चाळीस रुपये. आठवड्याच्या बचतीबरोबर वीस-वीस रुपये वेगळे ठेवले तर बारा आठवड्यांत होतात. मावशींच्या औषधांच्या पहिल्या चिठ्ठीचे पैसे त्याहून जास्त होते.

वड्या आम्ही विकतो. महामार्गावर 'चुलीवरचं जेवण' अशा पाट्या लावलेले ढाबे आहेत, त्यांना विचारलं. त्यांनी हसून सांगितलं, आम्हाला परवडत नाही. खरं आहे त्यांचं. घेणारे निघाले ते वेगळेच. महाबळेश्वर-पाचगणीकडं तंबूत उतरणारे पाहुणे, थंडीत हुरड्याला आणि शेकोटीला येणारे शहरातले लोक. नोव्हेंबरात कराडला कृषी प्रदर्शन भरतं, तिथं लोकांनी वास घेऊन बघितला, मधाचा मंद वास येतो, आणि घेतल्या. डझनाला दीडशे रुपये लावले. मेण नव्वद रुपयांचं, खोकं आणि चिठ्ठी पंधरा रुपयांची, उरले पंचेचाळीस. दोघी मिळून दिवसाला दहा डझन करतात. म्हणजे एकीच्या वाट्याला सव्वादोनशे. खुरपणीच्या हजेरीपेक्षा थोडे कमीच, आणि तेसुद्धा माल सगळा खपला तर. यावर घर चालेल असं आम्ही म्हणणार नाही. पण हे काम घरात बसून होतं, लग्नसराईच्या मधल्या रिकाम्या दिवसांत होतं, आणि त्या विक्रीतून आम्ही घरच्या काकड्यांचं मेण फुकट पाडून घेतो. गटासाठी तेवढं पुष्कळ झालं. कर्ज काढून मात्र यात उतरू नका. आधी एक किलो मेणाचं करून बघा.

ठेवायची काळजी एकच. पत्र्याच्या डब्यात ठेवा, चुलीपासून हातभर लांब. आम्ही पहिल्या वर्षी टोपलीत ठेवले, ते उंदरांनी कुरतडले. एकीनं चुलीच्या वरच्या फळीवर ठेवले, तिचे उबेनं वितळून एकमेकांना चिकटले.

मैत्रिणींनो, आता मे महिना अर्धा गेला. जून सुरू झाला की आठवडाभरात मृग लागेल. कुरडया वाळत घातल्यात तिथंच शेजारी एका गोणपाटावर चिपाडं आणि नारळाच्या शेंड्या पसरा. जुनं सुती लुगडं बोहारणीला देऊ नका. पुढच्या बैठकीत बचतीचा विषय झाला की तुमच्या गटातही तोच प्रश्न विचारा, जो आम्ही विचारला. खरं सांग, तू चूल कशानं पेटवतेस? कुणाला हसू नका, कुणाला बोलू नका. नुसतं ऐका.

आमच्या मावशींचा हात आता बरा आहे. बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत, काकड्याला दोरा बांधायला त्यांना जमत नाही. म्हणून त्यांनी मेणाचं पातेलं स्वतःकडं घेतलंय. बाकीच्या अकराजणी गुंडाळतात, त्या चिमट्यानं बुडवतात आणि मोठ्यानं दहा आकडे मोजतात. आमच्यातली कुणी घाई करून आठालाच काकडा मागितला, तर देत नाहीत.